आधी समाप्त, मग नावं

सिनेमा पाहून घरी आलं की 'मस्त होता' किंवा 'भंगार होता' असं आमच्याकडे कुणी म्हणायचं नाही, असा बाबांचा दंडक होता. आधी चपला काढायच्या, हातपाय धुवायचे, पानावर बसायचं, आणि मग ज्याने-त्याने काय पाहिलं ते सांगायचं. आवडलं-नावडलं अगदी शेवटी, ताकभाताबरोबर. "डोळ्यांनी काय पाहिलंस ते आधी सांग, मनाचं नंतर बघू," हे त्यांचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आजही ते त्यांच्याच आवाजात ऐकू येतं. नायिका रडली, एवढं सांगून सुटका नसायची. ती कुठे उभी होती, खिडकी उघडी होती की लावलेली, रडताना तिने तोंड झाकलं की नाही, हे सगळं सांगायला लागायचं. माझ्या मैत्रिणींना सिनेमाला जायचं म्हटलं की घरचे विचारायचे, अभ्यास झाला का? आमच्याकडे सिनेमा हाच अभ्यास, आणि जेवणाच्या पानावर तोंडी परीक्षा. एकदा मी पोट दुखतंय म्हणून सरळ झोपून गेले होते. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला पोहे पुढे ठेवून बाबा म्हणाले, "हं, आता सांग."

बाबा काही कुणी मोठे समीक्षक नव्हते. बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत ते दिवसभर फायली हलवायचे आणि दर गुरुवारी निघणाऱ्या पनवेलच्या एका साप्ताहिकात सिनेमावर सदर लिहायचे. पण आमच्या खांदा कॉलनीत त्यांचा शब्द चालायचा. भाजीच्या गाडीपाशी, जिन्यात, न्हाव्याच्या दुकानात लोक त्यांना गाठायचे. "दातारसाहेब, शनिवारी पोरांना घेऊन जाऊ का त्या नव्याला?" बाबा चष्मा वर ढकलून म्हणायचे, "जा की. फक्त मध्यंतरानंतर डोळे मिटून बसा." लोक खूश होऊन हसायचे, आणि बाबा घरी येईपर्यंत कॉलर ताठ. कचेरीत त्यांना कुणी 'दातार, चहा सांगा' यापलीकडे काही म्हणत नसावं. हे मला तेव्हा कळत नव्हतं, आईला कळत होतं.

आई उरणजवळच्या करंज्याची, कोळ्यांची मुलगी. तिचे वडील आणि भाऊ होडीवर जायचे. ती मात्र शिकली आणि बंदराच्या कचेरीत टायपिस्ट म्हणून लागली. तिथेच कामानिमित्त आलेल्या बाबांशी तिची गाठ पडली, आणि पुढचं दोन्हीकडच्या आरडाओरड्यासकट यथासांग झालं. घरात ती आमच्यासारखीच बोलायची, पण राग आला, हसू फुटलं किंवा काळजाला काही लागलं की करंजा बाहेर यायचा. रविवारी तिच्या माहेरची कुणी ना कुणी मासळीची टोपली घेऊन यायची, मग घरभर निवट्यांचा नाहीतर जवळ्याचा वास. बाबांनी लग्नाआधी आयुष्यात मासळीला हात लावला नव्हता. मी पाहिलेले बाबा तर निवटीचा काटासुद्धा चोखून ताटाच्या कडेला नीट ओळीने लावायचे. सिनेमा बघताना आईच्या हातात काहीतरी लागायचंच, लसूण, शेंगा, मेथीची जुडी. तिचं परीक्षण एका शब्दात संपायचं. 'बरा', 'लांबला' किंवा 'रडवला'. बाबा म्हणायचे, "ही खरी समीक्षक, फक्त आळशी आहे." त्यावर आई म्हणायची, "आळशी मी? मग भाकऱ्या तुम्ही थापा."

तर मी नववीत असताना बाबांनी दादरहून 'नावाडी' आणला. सिनेमाचं खरं नाव वेगळं आहे आणि ते मी मुद्दाम लिहीत नाही. ज्यांनी तो नीट पाहिलाय त्यांना मी थट्टा करतेय असं वाटायचं. आमच्या घरात त्याला 'नावाडी'च म्हणायचे. जुना, काळा-पांढरा, जाणत्यांनी डोक्यावर घेतलेला सिनेमा. बाबांनी त्याच्याबद्दल तरुणपणापासून वाचलं होतं, पण बघायला कधी मिळाला नव्हता. आता तो व्हीसीडीवर आला होता. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगते, व्हीसीडीच्या एका तबकडीवर अख्खा सिनेमा मावत नसे. पातळ प्लॅस्टिकच्या डबीत दोन असायच्या, एकीवर १ छापलेलं, दुसरीवर २. आमचा प्लेअर सुरू झाला की गिरणीसारखा घरघरायचा आणि आई म्हणायची, पीठ कुठं पडतंय बघा.

बाबांनी १ लावली. सिनेमा एकदम एका म्हाताऱ्या नावाड्यावरच सुरू झाला. ना नाव, ना नटनट्यांची यादी. खाडीवर पूल, पुलावरून धुरळा उडवत गेलेली एसटी, तिच्या खिडकीत बसलेली एक बाई, आणि खाली होडीत हा म्हातारा. बाई खाली बघत नाही. म्हातारा बघत राहतो. त्याची वल्हं धरायची एक तऱ्हा होती. मधली जागा रिकामी सोडून तो अवघडल्यासारखा अगदी कडेला धरायचा. तासाभराने तो होडीतच मरतो, होडी भरतीबरोबर वाहत जाते आणि अक्षरं येतात, समाप्त. आई उठली. "झाला? रडवला. कुकर लावते." बाबा म्हणाले, "थांब गं, अजून एक सीडी आहे."

मग २ लागली. आधी सेन्सॉरचं प्रमाणपत्र. मग संगीत, मग नावं. आणि मग तोच नावाडी, तरुण, दंड भरलेले, नवी कोरी होडी वल्हवत गावात येतो. त्याचं लग्न होतं, मुलगी होते, ती मोठी होते, आणि एक दिवस काठावर पुलाचा पहिला दगड बसवायला साहेबलोक येतात. नावाडी त्यांच्याकडे बघत उभा राहतो. आणि फट्. पडदा निळा. बाबा बराच वेळ त्या निळ्या पडद्याकडेच बघत बसले. त्या दिवशी पानावर आम्हाला कुणाला काही विचारलंच नाही, स्वतःच बोलत सुटले. "आधी मरण, मग जन्म! अर्धा सिनेमा झाल्यावर नावं! काय छाती असेल त्या माणसाची. आजच्या एकात तरी आहे का ही हिंमत?"

त्यावर त्यांनी जो लेख लिहिला तो त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात गाजलेला लेख. 'समाप्त'ची पाटी मध्यावर ठेवून दिग्दर्शकाने मरणालाच मध्यंतर करून टाकलंय, असं त्यांनी लिहिलं. सेन्सॉरचं प्रमाणपत्र मध्येच दाखवून त्याने व्यवस्थेची गालातल्या गालात खिल्ली उडवलीय, असं लिहिलं. शेवट तोडून टाकलाय कारण आयुष्याची दोरीही अशीच अर्ध्यात तुटते, असंही लिहिलं. आणि वल्ह्यावरच्या त्या रिकाम्या जागेवर तर एक अख्खा परिच्छेद. ती म्हणे माणसाच्या अस्तित्वातली पोकळी. आमच्या मजल्यावरच्या साठेबाई, निवृत्त शिक्षिका, त्यांनी त्या लेखाच्या झेरॉक्स काढून कॉलनीभर वाटल्या. रोडपालीच्या एका वाचनालयाने बाबांना भाषणाला बोलावलं, शाल दिली. आमची व्हीसीडी घरोघर फिरली. सोसायटीच्या सभागृहात रविवारी संध्याकाळी भरणारं बाबांचं सिनेमा मंडळ तेव्हा जोमात होतं. तिथे तो लावला तेव्हा खुर्च्या कमी पडल्या. 'समाप्त' आलं की जाणते लोक नवख्यांना हाताने खूण करायचे, बसा बसा, खरा सिनेमा आता सुरू होतोय. शाल आईने ट्रंकेत नॅप्थालिनच्या गोळ्या घालून ठेवली.

मी कॉलेजात गेले आणि माझं नि बाबांचं बिनसायला लागलं. मला नवे सिनेमे आवडायचे, आणि नवं म्हटलं की बाबांच्या कपाळाला आठी. एका तरुण दिग्दर्शकाचा पहिलाच सिनेमा आम्ही दोघांनी वाशीला जाऊन पाहिला. त्याने गोष्ट शेवटाकडून सुरुवातीकडे सांगितली होती. मी खुर्चीला खिळून राहिले. बाबांनी गुरुवारी लिहिलं, 'या मुलाला गोष्ट सरळ सांगता येत नाही आणि ते तो कला म्हणून खपवतो.' माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मग तुमचा नावाडी काय सरळ आहे?" मी पानावरच विचारलं.

"तिथे अर्थ आहे."

"इथे नाही कशावरून?"

"कारण मला दिसला नाही."

"नावाडीत दिसेपर्यंत तुम्ही तो कितीदा पाहिलात! हा एकदाच, तोही पॉपकॉर्नला नावं ठेवत."

"वृषाली," बाबा मला पूर्ण नावाने हाक मारायचे तेव्हा प्रकरण गंभीर असायचं, "काळाने ज्याला पास केलंय आणि काल जो जन्मलाय, त्यांना एका तराजूत घालू नये. तुझा डोळा अजून तयार व्हायचाय."

हे डोळ्याचं मला फार झोंबायचं. मला त्यांच्या सदरात लिहायचं होतं. निदान महिन्यातून एकदा, निदान चार ओळी, खाली बारीक अक्षरांत का होईना, माझं नाव. मी लिहून दाखवायचे, ते वाचायचे, कागद परत द्यायचे. "डोळा तयार होऊ दे." आई म्हणायची, "भात घ्या दोघं, गार होतोय." आज मी स्वतः सिनेमावर लिहूनच पोट भरते, आणि तरुण मुलंमुली आपलं लिखाण दाखवायला येतात तेव्हा हे वाक्य जिभेच्या टोकावर येतं. मी ते गिळते आणि त्यांना चहा विचारते.

मी शेवटच्या वर्षाला असतानाची गोष्ट. शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून मी बाबांच्या वाढदिवसाला 'नावाडी'ची डीव्हीडी आणली. नवी, स्वच्छ केलेली प्रत, आणि सगळा सिनेमा एकाच तबकडीवर. दुसऱ्या दिवशी रविवारी मंडळाचा वर्धापनदिन होता आणि तिथे 'नावाडी'च लागणार होता. म्हटलं, खरखरीत व्हीसीडीऐवजी या वेळी लखलखीत बघू दे सगळ्यांना. शनिवारी दुपारी पुरणपोळीचं जेवण झालं, बाबांनी वेष्टन सोडलं, त्यांचे डोळे भरून आले. मला जवळ घेऊन म्हणाले, "पोरी, यापुढे कुणी मला काही दिलं नाही तरी चालेल." आम्ही तिघं टीव्हीपुढे बसलो.

सेन्सॉरचं प्रमाणपत्र. संगीत. नावं. तरुण नावाडी नवी होडी घेऊन आला.

"हे काय?" बाबा ताडकन उठले. "यांनी उलटं जोडलंय!"

मलाही तेच वाटलं, खोटं का सांगू. इतकी वर्षं तो सिनेमा आम्ही त्याच क्रमाने पाहिला होता. आईने मात्र शेंगा सोलता सोलता म्हटलं, "सगळ्याच सिनेमांत नावं आधी येतात ना पण?"

"तेच तर! तेच तर त्याने मोडलं होतं! आणि या व्यापारी लोकांनी त्याची मोडतोड करून सरळसोट गल्लाभरू सिनेमा केलाय. अभिजात कलाकृतीची विटंबना आहे ही."  बाबा आतल्या खोलीत गेले, दार लोटलं, आणि त्यांच्या टेबलाचा खण ओढल्याचा आवाज आला. लेख सुरू झाला होता.

मी आणि आई मात्र बघत बसलो. पैसे दिले होते, आणि चित्र खरंच सुंदर दिसत होतं. तरुण नावाड्याची मुलगी पाच-सहा वर्षांची झाली. तो तिला होडीत घेतो, तिचा इवलासा हात वल्ह्यावर ठेवतो, आपल्या दोन हातांच्या मध्ये, आणि तिला जागा व्हावी म्हणून स्वतः कडेला सरकून धरतो. हा प्रसंग मी कितीतरी वेळा पाहिला होता आणि दर वेळी 'गोड आहे' म्हणून सोडून दिला होता. मग दगड बसला, आणि या वेळी पडदा निळा झाला नाही, थेट पूलच दिसला. पुलावरून एसटी गेली, खिडकीत ती मुलगी, लग्न होऊन पलीकडे गेलेली. आणि खाली म्हातारा, एकटा, वल्ह्याची मधली जागा मोकळी सोडून कडेला धरून बसलेला. माझ्या तोंडून काहीतरी निघालं असावं. आईने माझ्याकडे पाहिलं. तिच्या मांडीवरच्या शेंगा तशाच पडल्या होत्या. "त्या पोरीची जागा हाय ती," ती हळूच म्हणाली. समाप्त आलं, आणि त्यानंतर काहीही आलं नाही. येण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

मी डबीतल्या जुन्या दोन तबकड्या काढून उलटसुलट करून बघितल्या. आकडे छापणाऱ्याने कुठल्यातरी कारखान्यात १ च्या जागी २ आणि २ च्या जागी १ छापला होता. एवढंच. अख्ख्या खांदा कॉलनीने तो सिनेमा इतकी वर्षं उलटा पाहिला होता. तुम्ही म्हणाल, एवढी शिकलीसवरलेली माणसं, एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही? अहो, जुना सिनेमा, नावाजलेला सिनेमा. तो समजला नाही तर चूक आपली, असंच आम्हाला शिकवलेलं. तेच वाशीच्या त्या पोराच्या सिनेमात मध्येच 'समाप्त' आलं असतं, तर बाबा तिकिटाचे पैसे परत मागायला खिडकीवर गेले असते.

आणि आत बाबा लिहीत होते. तो लेख छापून आला असता तर? डीव्हीडी आता दुकानादुकानांत मिळत होती. कुणीही शहाणा उठून विचारणार, दातारसाहेब, तुम्ही नक्की काय पाहत होता? मग झेरॉक्स, भाषण, शाल, सगळ्यावर गाव हसलं असतं. आईने माझ्या मनातलं ओळखलं. तिचा आवाज बदलला. "त्यांना सांगू नको गो आता. दुसरं काय हाय त्यांच्याकडं? कचेरीत कोन इचारतो त्यांना? हितं लोक साहेब बोलतात, तेवढाच जीव." मी म्हटलं, "आई, आपण नाही सांगितलं तर बाहेरचे सांगतील." ती नुसत्या शेंगा गोळा करत राहिली.

रविवारी सकाळी बाबा स्कूटरवरून संपादकांकडे निघाले. संपादक जुन्या पनवेलात राहायचे. बाबांच्या डोक्यावर हेल्मेट, पायात बूट, शर्टाच्या खिशात घडी घातलेला लेख. मी दारात उभी राहिले. 

"बाबा, डीव्हीडी पूर्ण पाहिलीत?"

"दहा मिनिटं पुरेशी आहेत."

"अर्ध्यावरून उठलेल्या माणसाने लिहायचं नाही, हे कुणी शिकवलं मला?"

"तुला म्हणायचंय तरी काय?" हेल्मेटच्या आतून त्यांचा आवाज घुमल्यासारखा आला.

"मी काहीच म्हणत नाही. डोळ्यांनी काय पाहिलंत ते आधी सांगा, मनाचं नंतर बघू."

 मला वाटलं, आता ओरडणार. माझ्यावर हात त्यांनी कधीच उगारला नव्हता, पण त्या क्षणी त्याचीही तयारी होती माझी. मग ते वळले, टीव्हीपुढच्या खुर्चीत तसेच बूट घालून बसले, हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "लाव."

आम्ही स्वयंपाकघरात गेलो. मामी सकाळीच निवट्या देऊन गेली होती. आई त्या राखेत चोळून साफ करत होती, मी उगाच पाट्यावर आलं-लसूण वाटत होते. कान सगळे बाहेर. संगीत ऐकू आलं, लग्नाची सनई ऐकू आली, मुलीचं हसणं, वल्ह्याचं चुबुक चुबुक. मग पुलाचे घण. एसटीचा हॉर्न वाजला. मग कितीतरी वेळ काहीच नाही, नुसतं पाणी. आई तव्यावर मासळी सोडायची थांबली, चुरचुर आवाजात बाहेरचं ऐकू येणार नाही म्हणून. शेवटचं संगीत वाजलं, संपलं. बाबा येईनात. 

ते दारात आले तेव्हा हेल्मेट हातातच होतं. चष्मा काढलेला, नाक लाल.

"वृषे," ते म्हणाले, "हा सिनेमा मी आज पहिल्यांदा पाहिला."

 ते आपला रिकामा पंजा आमच्यापुढे धरून म्हणाले, "ती जागा... वल्ह्यावरची... त्या पोरीच्या हाताची होती गं ती. आणि मी लिहिलं अस्तित्वाची पोकळी! काय गाढव आहे मी." आणि ते हसायला लागले, आणि हसता हसता रडायला लागले, आणि आईने पदराने त्यांचं तोंड पुसलं, राखेच्या हातांनीच, त्यामुळे त्यांच्या गालावर राखेचा पट्टा उठला. "बसा," ती म्हणाली, "आता मासळी टाकते." त्या दिवशी पानावर बाबांनी 'नावाडी' पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितला, एकही गोष्ट न गाळता, निवटीचे काटे ताटाच्या कडेला लावत. आवडला का, हे मी ताकभाताला विचारलं. त्यांनी नुसती मान डोलावली.

मला वाटलं होतं, संध्याकाळी ते मंडळात गुपचूप डीव्हीडी लावतील आणि विषय टाळतील. कुणी काही म्हणालं तर, नवी प्रत आहे, असं सांगून वेळ मारून नेतील. पण बाबा सभागृहात उभे राहिले, दोन्ही जुन्या तबकड्या हातात धरल्या आणि घडलं ते सगळं सांगून टाकलं. सेन्सॉरच्या प्रमाणपत्राचंसुद्धा. आधी कुणाला कळेना, मग मागून कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळं सभागृह हसायला लागलं. मी खुर्चीत आक्रसून बसले होते. साठेबाई कळवळून म्हणाल्या, "अहो, मी त्याच्या झेरॉक्स वाटल्यात हो दातार!" बाबा म्हणाले, "बाई, परत गोळा करू या. मी येतो तुमच्याबरोबर." आणि हसणं थांबल्यावर ते म्हणाले, "आकडे छापणाऱ्याची चूक एकदाची झाली. माझी दर गुरुवारी होत होती. जुन्या सिनेमात काही विचित्र दिसलं की मी अर्थ शोधायचो, नव्यात दिसलं की चूक. दोन्हींकडे नीट बघायचंच राहून गेलं."

तेवढ्यात ओव्याचे पाटीलकाका उभे राहिले. नव्या शहरासाठी जमिनी गेल्यावरही गावातलं घर न सोडलेले, मंडळाचे जुने सभासद. "साहेब, तुमी कायपन बोला," ते म्हणाले, "मना त उलटाच बरा वाटला व्हता. मानूस मरतो नि मंग परत जिता होऊन येतो, त्याच्यान वाईट काय हाय?" पुन्हा हशा झाला, पण हा वेगळा होता, त्यात बाबाही होते. मग दिवे घालवले आणि आम्ही सगळ्यांनी 'नावाडी' सरळ पाहिला. संपल्यावर कुणी कुणाला खूण केली नाही. एकही खुर्ची वाजली नाही.

खिशातल्या त्या रागीट लेखाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आईने वाण्याकडचं सामान लिहिलं. गुरुवारच्या सदरात बाबांनी सगळी हकिकत छापली, अगदी वर, आपल्या फोटोखाली. गाव हसलं का? हसलं. पण भाजीच्या गाडीपाशी लोक त्यांना आणखीच गाठायला लागले. एक जण म्हणाला, जो स्वतःची चूक छापतो त्याचं बाकीचंही खरं धरायला हरकत नाही. आणि पुढच्या आठवड्यात बाबांनी माझ्यापुढे कोरा कागद ठेवला. "आता उलट करू. जुन्यावर तू लिही, नव्यावर मी. तुला जुन्याचा धाक नाही आणि मला नव्याचं प्रायश्चित्त घ्यायचंय."

"माझा डोळा झाला का तयार?"

"माझा झालाय का ते आधी बघू," ते म्हणाले.

सदराच्या खाली माझं नाव आलं, त्यांच्या शेजारी, त्यांच्याइतक्याच मोठ्या अक्षरांत. वाशीचा तो उलट्या गोष्टीचा सिनेमा त्यांनी पुन्हा पाहिला, दोनदा. आवडला नाहीच! पण त्या पोराने काय केलंय ते इतकं नीट लिहिलं की त्या पोराचा मुंबईहून फोन आला आणि बाबा दिवसभर तो फोन सांगत होते. मला आयुष्यात पुष्कळ जाणत्या लोकांनी सिनेमा कसा बघावा हे शिकवलं. आपण काहीच पाहिलं नव्हतं, हे भरल्या सभेत सांगून पुन्हा बघायला कसं बसावं, ते मात्र बाबांनी शिकवलं. तेवढ्यावर मी आजवर तरलेय. त्यांचे हे उपकार फिटायचे नाहीत आणि ते फेडावेत असं मला वाटतही नाही.

बाबा गेले त्याला आता काही काळ झाला. वर्षश्राद्धाला पाहुणे जेवून गेले आणि घरात आम्ही दोघीच उरलो. आई लसूण घेऊन टीव्हीपुढे बसली. "नावाडी लाव," म्हणाली. मी डीव्हीडी काढली.

"ती नको. त्यांची लाव."

जुना प्लेअर अजून चालतो, अजून तसाच घरघरतो. मी १ लावली. पूल, एसटी, म्हातारा. वल्ह्यावरची ती जागा आता आम्हाला दोघींनाही बघवत नव्हती, तरी बघत होतो. म्हातारा गेला. होडी वाहत गेली. समाप्त. मला हुंदका आवरेना. आईने माझ्या पाठीवर हात ठेवला.

"थांब गो," ती म्हणाली, "अजून एक सीडी हाय."

मी उठून २ लावली. प्रमाणपत्र आलं, संगीत आलं, नावं आली. आणि मग लांबून पाण्यावर ती नवी कोरी होडी दिसायला लागली.

आईने लसूण बाजूला ठेवला. "आला बघ," म्हणाली.